तबकडी आणि मूग

हॉटेलात शिरल्यावर माणसं आधी मेनूकार्ड मागतात. आमचे सर आधी टेबल हलवून बघायचे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीसमोरच्या उडुपी हॉटेलात असं एकही टेबल नव्हतं, ज्याच्या पायाखाली सरांनी कागदाची घडी सरकवली नव्हती. घडी सरकवली की दोन्ही तळवे टेबलावर टेकवून ते डोळे मिटायचे, वैद्य नाडी बघतो तसे, आणि मगच वेटरला हाक मारायचे. वेटर तोवर दुसरीकडे गेलेला असायचा.

"सर, आपण इडली खायला आलोय, टेबल विकत घ्यायला नाही," मी एकदा वैतागून म्हणाले.

"डुगडुगत्या टेबलावर जेवलीस ना गं, तर डोकंपण डुगडुगतं राहील आयुष्यभर," सर म्हणाले.

ह्याला काहीही अर्थ नव्हता. सरांच्या निम्म्या वाक्यांना नसायचा. पण ती ते अशा काही ठामपणाने फेकायचे की ऐकणारा मुकाट्याने इडलीकडे वळायचा.

सर आमच्या गाळ्याचे मालक. पण मालक म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. तरुणपणी थोडा काळ कुठल्याशा पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं होतं, तेवढ्या भांडवलावर ते जन्मभर सर राहिले. मूळचे कणकवलीच्या पुढचे, वडील गिरणीत, स्वतः बोरीवलीच्या सोसायटीत. एरवी बोलणं मुंबईचं, पण राग आला किंवा गहिवरून आलं की मालवणी सुटायचं. रागाचं मालवणी आम्ही रोज ऐकायचो.

गाळ्यात आम्ही एकच वस्तू बनवायचो, ती म्हणजे फिरणारी तबकडी. दिसायला ताटलीएवढी, वजनाला मात्र पाट्यासारखी. ती जायची सिंक्रोट्रॉनवर. सिंक्रोट्रॉन म्हणजे काय हे मला मुलुंडच्या घरी वडिलांना समजावून सांगावं लागलं होतं, कारण अंधेरीच्या काचेच्या इमारतीतली नोकरी सोडून पोरगी पत्र्याच्या गाळ्यात का निघालीय हे त्यांना कळेना. जालन्याहून मुंबईत येऊन त्यांनी मला शिकवलं होतं ते काचेच्या इमारतीसाठी. मी म्हटलं, बाबा, एक प्रचंड गोल बोगदा असतो. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवतात. वळणावर त्यांच्यातून एक्स-रे बाहेर पडतात, डॉक्टरकडच्या यंत्रापेक्षा कितीतरी प्रखर. त्या झोतात एखादी चिमुकली वस्तू ठेवायची, फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे आणि ते कॉम्प्युटरवर जोडायचे. मग वस्तूला चाकू न लावता तिच्या आतलं केसाहून बारीक सगळं दिसतं.

"ह्यात तुझं काम काय?" बाबांनी विचारलं.

"फोटो जोडायचं सॉफ्टवेअर लिहायचं."

"आणि त्या सरांचं?"

"वस्तू फिरवायचं."

बाबांनी बराच वेळ आईकडे बघितलं. "फिरवायला माणूस लागतो?" ते म्हणाले.

लागतो. आणि सरांसारखाच लागतो. कारण सगळं घोडं अडलं होतं वेगापाशी. जुनी पद्धत अशी, की तबकडी किंचित फिरवा, थांबवा, थरथर शमू द्या, फोटो काढा, पुन्हा किंचित फिरवा. दगड असेल, हाड असेल, तर ह्यात काही बिघडत नाही. पण वस्तू जिवंत असेल तर ती तोवर हलते, वाढते, आणि शेवटी हाती येतं ते नुसतं फराटलेलं चित्र. शिवाय एवढा वेळ झोतात ठेवली तर ती मरते ते वेगळंच. सरांनी जन्म घालवला होता तो हे थांबणं काढून टाकण्यासाठी. तबकडी थांबायचीच नाही, भरधाव फिरत राहायची आणि कॅमेऱ्याने उडत्या वस्तूचे फोटो टिपायचे. त्यासाठी ती फिरताना एवढीशीही डुलता कामा नये. ह्या डुलण्याला कारखान्यात 'आउट' म्हणतात. सरांच्या तोंडी दिवसभर हाच शब्द. गाळ्याच्या शटरला आउट, चहावाल्याच्या किटलीला आउट, नव्या नगरसेवकाच्या चालीला आउट.

एका गणपतीत सोसायटीच्या मंडळाने त्यांना मूर्तीमागचं चक्र करायला सांगितलं. सर महिनाभर राबले. चक्र असं झालं की आवाज नाही, झटका नाही, थरथर नाही. मधली नक्षी गोल असल्यामुळे ते फिरतंय हेच कुणाला कळेना. पहिल्याच दिवशी तळमजल्यावरचे शहाकाका तक्रार घेऊन आले, "मोटर बंद पडली लागते." सर त्यांचा हात धरून मंडपात घेऊन गेले आणि चक्राला एक फूल चिकटवलं. फूल संथ गोल निघालं. शहाकाका हात जोडून उभे राहिले, ते गणपतीला की सरांना हे कळलं नाही. सर पुढचं वर्षभर ही गोष्ट सांगत होते. मंडळाने मात्र पुढच्या वर्षी लाइटिंग केलं.

आता मुगाचं सांगते, कारण मुगाशिवाय सर म्हणजे काहीच नाही.

गाळ्याच्या खिडकीच्या गजाला कायम ओल्या फडक्यात बांधलेले मूग लटकलेले असायचे. लहानपणी आईने मोड काढायला बांधलेली पुरचुंडी सर तासातासाला सोडून बघायचे. मोड येताना बघायचा होता. बघावं तेव्हा एकतर आलेला नसायचा, नाहीतर येऊन गेलेला असायचा. पुरचुंडी सारखी सोडल्यामुळे उसळीची वाट लागायची आणि आईचा धपाटा मिळायचा. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती परदेशी गेली, केस पिकले, पण हे खूळ गेलं नाही. मोड येण्याआधी मुगाच्या आत काय चालतं? आतला तो वळलेला अंकुर आधी जागा होतो की साल आधी सैल पडतं? नेमका कुठल्या क्षणी तो बाहेर डोकं काढतो?

"मेलेलं सगळेच बघतात गं," सर म्हणायचे. "दगड बघतात, हाडं बघतात, मेलेले किडे बाटलीत घालून बघतात. मला तो येताना बघायचाय. आमची तबकडी झाली ना, की बघणार."

सिंक्रोट्रॉनवरच्या शास्त्रज्ञ बाईंना, आम्ही त्यांना डॉक्टरबाई म्हणायचो, हे खूळ माहीत होतं. नव्या वेगवान तबकडीचं काम त्यांनीच आम्हाला दिलं आणि फोनवर सरांना शब्द दिला की तबकडी बसवली की चाचणीसाठी जो वेळ मिळेल, त्यात पहिला नमुना तुमचा मूग. तिथे झोतावर वेळ मिळणं म्हणजे दिव्य. देशभरातली माणसं अर्ज करून वाट बघत बसतात. सर फोन ठेवून बाहेर गेले आणि लेथवर काम करणाऱ्या आमच्या पवारमामांसाठी आणि माझ्यासाठी जिलबी घेऊन आले. त्या दिवशी गहिवरलेलं मालवणी पहिल्यांदा ऐकलं.

तबकडी तयार झाली. तपासायची सरांची स्वतःची रीत होती. सेन्सरचे आकडे ते बघायचे, पण मानायचे नाहीत. "मशीनची साक्ष मशीनने काढलेली चालत नाही," म्हणायचे. ते तबकडीवर आरशाचा चपटा तुकडा ठेवायचे आणि त्यावर लाल किरण सोडायचे. किरण उसळून लांबच्या भिंतीवर ठिपका पडायचा. भिंतीवर त्यांनी एक बारीक रेघ मारून ठेवली होती. तबकडी फिरत असताना ठिपका रेघेवरून हलला नाही, तर आउट नाही. सर स्टुलावर बसायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्याने बघत राहायचे. नेम धरतात तसे. ही त्यांची तरुणपणापासूनची सवय होती.

"ठिपका रेघेवरून उतरतोय," सर ह्या वेळी म्हणाले.

पवारमामांनी बघितलं. मी बघितलं. ठिपका रेघेवर चिकटवल्यासारखा होता.

"सर, सरळ आहे की," मी म्हणाले.

"सरळ? मेल्यांनो, डोळे फुटले काय तुमचे? त्या तिकडे बघ, कसा नागासारखा चाललाय."

तबकडी फळीवर गेली. सरांनी दुसरी करायला घेतली. डॉक्टरबाईंचे फोन येऊ लागले. सर घेत नसत, मग मी घ्यायची.

मी तेव्हा जिवाच्या आकांताने एक गोष्ट केली. एका जुन्या, चांगल्या डुलणाऱ्या तबकडीवर काढलेले फोटो घेतले आणि त्यातलं डुलणं सॉफ्टवेअरने मोजून काढून टाकलं. फराटलेलं चित्र लख्ख झालं. सरांना बोलावून दाखवलं. म्हटलं, सर, समजा असेलही थोडा आउट, तो मी इथे काढते. तुम्ही तबकडी देऊन टाका.

सरांनी दोन्ही चित्रं बघितली. म्हणाले, "झकास." मला वाटलं, जिंकले. मग म्हणाले, "आता एक सांग. तू हललेलं सगळं पुसलंस. त्यातलं तबकडीचं किती आणि मुगाचं किती?"

मी दोन्ही चित्रं पुन्हा शेजारी शेजारी लावली.

"मोड येताना मूग हलणारच ना गं. तेवढंच तर बघायचंय. ते तू तबकडीचं समजून पुसून टाकलंस, तर मला काय दिसणार? ठार मेलेला सुंदर मूग!"

आजही ह्या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही आणि तो मला विचारणारा माणूसही आता नाही.

दुसरी तबकडीही सरांच्या डोळ्याला पटली नाही. ह्या वेळी तर ते म्हणाले, पहिलीपेक्षा वाईट. पवारमामांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा सरांना उलटून बोलले, "मग तुम्हीच करा." सर खरंच लेथवर जाऊन उभे राहिले. झोतावरची आमची वेळ आली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या तबकडीवर दुसऱ्या कुणाचा तरी दगड फिरवून निघून गेली. पुढची वेळ कधी ते डॉक्टरबाईंनाही सांगता येईना. त्या मला एवढंच म्हणाल्या, "तुमच्या सरांना परफेक्ट तबकडी हवीय की मूग बघायचाय, ते एकदा विचार ना." मी विचारलं नाही. सरांना हे दोन वेगळे प्रश्न वाटलेच नसते.

त्याच सुमाराला बोरीवलीला काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या मागे एक नवीनच ताप लागला होता. सरांच्या मते बेडरूमची चौकट वाकडी झाली होती. सुतार आला, त्याने ओळंबा सोडला, चौकट सरळ. सरांनी त्याला आणि ओळंब्याला, दोघांनाही हाकलून दिलं. दुसरा सुतार आला, तोही गेला. काकू मला फोनवर म्हणाल्या, "अगं, माणूस आयुष्यभर चिकित्सा करतोय, पण हल्ली चहा कपाच्या बाजूला ओततोय. मला काय ते लक्षण बरं दिसत नाही. तू ये. मी एकटीने नेलं तर रिक्षातून उतरून पळतील."

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सरांपुढे चौकटी-चौकटींचं एक कार्ड धरलं, डावा डोळा झाकला आणि विचारलं, "काका, रेघा सरळ दिसतात?"

सर कार्डाकडे बघून हसले. "डॉक्टर, हे कुठून छापून आणलंत? छपाई आउट आहे."

डॉक्टरांनी हात काढला आणि उजवा डोळा झाकला.

सर हसायचे थांबले. त्यांनी कार्ड स्वतःच्या हातात घेतलं. एकदा एक डोळा मिटला, मग दुसरा, मग परत पहिला. काकू विचारत होत्या, "काय झालं? काय झालं हो?" डॉक्टर समजावत होत्या, की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागात पाणी झिरपतंय, सरळ रेघा वाकड्या दिसणं हे ह्याचं पहिलंच लक्षण, तेव्हाच आला असतात तर इंजेक्शनने बरंच वाचलं असतं, आता बघू, दुसऱ्या डोळ्यालाही जपायला हवं. सर ऐकत नव्हते. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पहिली तबकडी फळीवरच आहे ना?"

क्लिनिकमधून आम्ही घरी गेलोच नाही. रिक्षाने थेट मरोळ. काकू वाटेत रडत होत्या. पवारमामांनी पहिली तबकडी उतरवली, पुसली, आरसा ठेवला, किरण सोडला. सर स्टुलावर बसले. सवयीने डावा डोळा मिटला. मग तो उघडला आणि उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला.

ठिपका रेघेवर होता. बराच वेळ तो तिथेच होता.

सर उठले आणि पवारमामांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवरची धूळ झटकली. पवारमामा, साठीला आलेला माणूस, तोंड फिरवून शटरपाशी गेले.

मला ह्या सगळ्याचं वाईट वाटतं ते असं, की दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, मला भिंतीवरचा ठिपका नागासारखा चाललेला दिसतो, तर आम्ही त्याला त्याच दिवशी उचलून डॉक्टरकडे नेलं असतं. सर म्हणाले, म्हणून आम्ही हसलो. सर आहेत, त्यांना सगळ्यालाच आउट दिसतो. आणि सरांनाही तसंच वाटलं. जन्मभर त्यांच्याच डोळ्याला दिसायचं आणि इतरांना दिसायचं नाही. आता ते इतरांना दिसेना, ह्यात त्यांना नवल का वाटावं? एवढी तयार नजर नसती, तर सरांचे डोळे वाचले असते.

पुढची वेळ मिळेपर्यंत वर्ष उलटून गेलं. इंजेक्शनं झाली, पण उजवा गेला तो गेलाच, आणि जपूनही डाव्याने तोच रस्ता धरला. समोरचं पुसलेलं, कडेचं शाबूत, अशी त्यांची गत झाली. तुमच्याशी बोलताना ते तुमच्या कानामागे बघायचे, कारण त्याशिवाय तुमचा चेहरा त्यांना सापडायचा नाही. तबकडी गेली ती पहिलीच. मूग सरांनी स्वतः निवडले, बोटांनी चाचपून एकेक, आणि पवारमामांबरोबर डॉक्टरबाईंकडे पाठवले.

डॉक्टरबाईंनी ते तिथेच भिजवले. तबकडी भरधाव फिरली, क्षणभरही थांबली नाही, आणि फोटो इतक्या झपाट्याने निघाले की मुगाला कळायच्या आत झोत बंद. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा तेच. ते सगळे फोटो मला आले आणि मी ते जोडून त्यांची एक हलती फिल्म केली. आउट नव्हताच, त्यामुळे मला काहीही पुसावं लागलं नाही. हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

दुपारची वेळ होती. पवारमामांनी लेथ बंद केला. सर माझ्या शेजारी खुर्चीत बसले, मान तिरकी केली, पडद्याच्या ह्या कडेला बघितलं, त्या कडेला बघितलं, आणि मग नाद सोडून दिला.

"लाव," म्हणाले.

मी लावली. अख्खी गोष्ट दहा-बारा सेकंदांत संपली. माझ्या तोंडून "अय्या!" निघालं आणि मी जीभ चावली.

"झाली?"

"झाली, सर."

"हळू चालव गो. थांबत थांबत. आणि सांग."

जे थांबणं काढून टाकण्यात त्यांची सगळी वर्षं गेली, ते मी परत घातलं. एकेक चित्र पुढे नेत सांगू लागले. आतला अंकुर वळून झोपलाय, सर. आता त्याच्याभोवती पाणी पोचलंय, काळ्या फटी बुजताहेत. साल अजून तसंच आहे. अंकुर आधी हलला, सर, साल नंतर. आता साल ताणलंय. आता फाटलं.

"आणि?"

"आला."

सरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. "कसो आसा?"

पडद्यावर तो होता. जिवंत, ओला, सालाच्या कडेला रेटून नुकताच बाहेर पडलेला. मी शब्द शोधले. अशी चित्रं सुधारण्यात माझी वर्षं गेलीत, पण मला एकही शब्द मिळेना.

"पांढरा आहे, सर," मी म्हणाले.

सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ता माका म्हायत आसा गो. रोज खातंय. फुडे सांग."

आणि मला पुढे सांगता आलं नाही. पवारमामा माझ्या मागे उभे होते, त्यांनाही आलं नाही. सर मान तिरकी करून माझ्या कानामागे बघत वाट बघत राहिले, आणि आम्ही दोघं डोळे असलेली माणसं पडद्याकडे नुसती बघत राहिलो.